उतरलेली बॅटरी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि निमित्त झालंय एक बंद पडलेली गाडी.

झालं असं, की मुलीकडे बंगळूरला तीन आठवडे राहून आम्ही पुण्याला परतलो. खाली पार्किंगमध्ये आमची विजेवर चालणारी गाडी उभी होती. जाताना चांगली सत्तर टक्के चार्ज करून ठेवलेली. किल्लीचं बटण दाबलं तर काहीच नाही. दिवे नाहीत, आवाज नाही, दारसुद्धा उघडेना. बायको म्हणाली, किल्लीतला सेल गेला असेल. सेल बदलला. गाडी ढिम्म.

शेवटी बाळूला फोन लावला. बाळू म्हणजे माझा मामेभाऊ. कराडजवळ हायवेला त्याचं बॅटरीचं दुकान आहे. नातेवाईक मंडळींना सांगायला नकोच, पण इथे येणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो.

"किती दिवस उभी होती?" बाळूनं विचारलं.

"तीन आठवडे."

"मग बारा व्होल्टची उतरली असणार."

"अरे बाळू, ही इलेक्ट्रिक गाडी आहे. हिच्यात लिथियमची बॅटरी असते, खाली, तळाला."

"ती असते रे. पण बॉनेटखाली एक साधी पण असते. आपली नेहमीची, शिशाची. किल्लीच्या पोटात एक लोखंडी किल्ली असेल बघ, ती काढ आणि दार उघड."

खरंच होती. बॉनेट उघडलं तर कोपऱ्यात एक छोटी काळी बॅटरी. शेजारच्या कुलकर्ण्यांकडे मल्टीमीटर होता. लावला. आठ व्होल्ट. त्यांच्या पेट्रोलच्या गाडीवरून केबल जोडल्या आणि आमची गाडी तीन मिनिटांत डोळे चोळत उठली.

मला हे माहीतच नव्हतं हो! तळाला तीस युनिट वीज साठवणारी एवढी महागडी बॅटरी आहे. पण सुरक्षिततेसाठी ती एरवी गाडीपासून तोडलेली असते. तिला गाडीशी जोडणारे जे स्विच असतात ते ओढायला बारा व्होल्ट लागतात आणि ते देते ही छोटी बॅटरी. म्हणजे गोदाम धान्यानं भरलेलं, पण कुलपाची किल्ली एका म्हाताऱ्याच्या कनवटीला. म्हातारा झोपला की संपलं.

आणि हा म्हातारा खरोखरच म्हातारा आहे. १८५९ सालचा.

बाळूचे आभार मानून फोन ठेवला, पण संध्याकाळभर मन काही थाऱ्यावर नव्हतं. या बाळूला आम्ही सगळे लहानपणी 'मठ्ठ' म्हणायचो. आणि त्याला मी गेली निदान दहा वर्षं एक गोष्ट सांगायची टाळत होतो.

* * *

मामानं दुकान टाकलं तेव्हा मी चार-पाच वर्षांचा असेन. पत्र्याची शेड, वर रंगवलेली पाटी, आत लाकडी फळ्यांवर ओळीनं मांडलेल्या बॅटऱ्या. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, जीपच्या. दर मे महिन्यात माझा मुक्काम तिथेच. त्या दुकानाचा वास मला अजून डोळे मिटले की येतो. ॲसिडचा आंबूस, घशात बसणारा वास, आणि त्यात मिसळलेलं गरम डांबर.

तेव्हाच्या बॅटऱ्या उघडता यायच्या. कडक काळ्या रबराचं खोकं, त्यात सहा कप्पे, वर डांबर ओतून बंद केलेले. एकेक कप्पा म्हणजे एकेक सेल, दोन-दोन व्होल्टचा. सहा सेल शिशाच्या पट्ट्यांनी एकामागे एक जोडले की बारा व्होल्ट. एखादा सेल बसला तर मामा डांबर तापवून झाकण काढायचा, प्लेटांचा गठ्ठा बाहेर ओढायचा आणि नव्या प्लेटा भरायचा.

हायड्रोमीटर हे माझं आवडतं खेळणं. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारी आकडे लिहिलेली कांडी. फुगा दाबून सोडला की ॲसिड नळीत चढतं आणि कांडी तरंगते. मामा सांगायचा, "बाराशे पन्नास म्हणजे पोट भरलंय. अकराशे पन्नास म्हणजे उतरली."

पण ॲसिडच्या वजनावरून विजेचं कसं कळतं? हे मी विचारलं तेव्हा मामानं जे उत्तर दिलं, त्याहून सोपं उत्तर मला पुढे इंजिनिअरिंगच्या पुस्तकातही मिळालं नाही. "बॅटरी काम करते तेव्हा प्लेटा ॲसिड पितात. मागं राहतं ते पाणी. चार्जिंगला लावली की प्यालेलं सगळं बाहेर टाकतात. म्हणून पाणी जड का हलकं तेवढं बघायचं."

अगदी हेच होतं. एका प्लेटेवर शिसं, दुसरीवर शिशाचं ऑक्साइड, मध्ये पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड. वीज काढून घेतली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि ॲसिड पातळ होतं. वीज उलटी घातली की सगळं जागच्या जागी. बॅटरी फार दिवस उतरलेलीच राहिली तर ते सल्फेट घट्ट होऊन बसतं आणि मग कितीही चार्ज करा, परत फिरत नाही. मामा अशा बॅटरीला 'रुसली' म्हणायचा.

* * *

हे पहिल्यांदा जमवलं गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं, पॅरिसमध्ये. शिशाचे दोन पत्रे घेतले, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या ठेवल्या, अळूवडीसारखी गुंडाळी केली आणि ॲसिडमध्ये बुडवली. १८५९ साल. पुढच्या वर्षी त्यानं असे नऊ सेल जोडून फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडले. जगातली ही पहिली पुन्हा भरता येणारी बॅटरी.

गंमत अशी, की ती भरायची कशानं? कामाचे डायनॅमो तेव्हा नव्हतेच. ते आले १८७०च्या दशकात. त्यामुळे प्लांतेला आपली बॅटरी भरायला दुसऱ्या, एकदा वापरून संपणाऱ्या घटमाला लावाव्या लागत. शिवाय कोऱ्या पत्र्यावर कामाचा थर चढायला भरणं-उतरवणं असं आठवडेच्या आठवडे करत बसावं लागे. म्हणजे विहीर खणून झाली, पण पाणी आणायचं टँकरनं!

मग आला कामिय फोर. १८८१च्या सुमारास त्यानं शिशाच्या पत्र्यावर थर वाढण्याची वाट बघण्याऐवजी तो सरळ वरून लिंपूनच टाकला. कशाचा? शेंदराचा. हो, आपल्या मारुतीला फासतात तो. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच एक लालसर ऑक्साइड. फोरनं ते ॲसिडमध्ये कालवून प्लेटांना फासलं आणि बॅटरीची ताकद एकदम वाढली. दगडाला शेंदूर फासला की देव होतो म्हणतात. इथे पत्र्याला शेंदूर फासला आणि कारखानदारी उभी राहिली. त्याच काळात साध्या पत्र्याऐवजी शिशाची जाळी करून तिच्या घरांत हा लगदा भरायची पद्धत निघाली, आणि जाळी कणखर व्हावी म्हणून शिशात अँटिमनी मिसळायला लागले. मामाच्या दुकानातल्या प्लेटा अशाच जाळीच्या होत्या. म्हणजे शंभर वर्षांनंतरही मूळ घडण तीच.

फोरचे चार सेल एका पेटीत घालून १८८१च्या मे महिन्यात पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम थॉमसन यांच्याकडे नेले. हेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन. विजेची पेटी आली म्हणून लंडनच्या 'टाइम्स'मध्ये बातमी झळकली. त्या पेटीत होती दहा लाख फूट-पौंड ऊर्जा. मी हिशोब करून बघितला, एक युनिटाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त. माझ्या गाडीच्या तळाशी अशा ऐंशी पेट्या मावतील. पण वीज पेटीत भरून गावाला नेता येते हे लोकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्याच वर्षी पॅरिसच्या रस्त्यावर गुस्ताव्ह त्रुव्हेनं बॅटरीवर चालणारी तीनचाकी चालवून दाखवली. २९ एप्रिल १८९९ला कामिय जेनात्झी या बेल्जियन पठ्ठ्यानं पॅरिसजवळ तोफगोळ्याच्या आकाराची गाडी ताशी १०५.८८ किलोमीटर वेगानं पळवली. माणसाच्या गाडीनं रस्त्यावर शंभरी पहिल्यांदा ओलांडली ती पेट्रोलवर नव्हे, शिशाच्या बॅटरीवर! १९०० साली अमेरिकेत बनलेल्या गाड्यांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त गाड्या विजेच्या होत्या. आपण आत्ता ज्याला भविष्य म्हणतोय ते एकदा होऊन गेलंय.

* * *

मग ते बुडालं कसं? याला कारण पुष्कळ. पेट्रोल स्वस्त झालं, रस्ते लांबवर गेले, शिसं पडलं वजनदार. पण त्यातला एक भाग मला मामामुळे नीट कळतो.

मामाच्या उजव्या मनगटाला एक बाक होता. तरुणपणी एका ट्रकला हँडल मारताना इंजिन उलटं फिरलं आणि हँडलनं मनगट मोडलं. जुन्या गाड्या पुढून हँडल मारूनच चालू करायच्या. हे काम जोखमीचं होतं. विजेची गाडी मात्र कळ दाबली की चालू, हा तिचा मोठा फायदा. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंगनं केलेला सेल्फ स्टार्टर बसला. बॅटरीच्या जोरावर एक छोटी मोटर इंजिनाला पहिला हिसडा देणार. हँडल गेलं. आणि विजेच्या गाडीचा तो फायदाही गेला.

बघा, ज्या बॅटरीवर विजेची गाडी पळत होती तिच्याच मदतीनं पेट्रोलची गाडी सोपी झाली आणि विजेची मागे पडली. बॅटरीला मात्र कायमची नोकरी लागली. एडिसननं याच काळात शिसं हटवायला म्हणून निकेल-लोखंडाची बॅटरी काढली होती. टिकाऊ होती, पण महाग पडायची, थंडीत मंदावायची. शिसं हटलं नाही. दोन-चार सेकंदांसाठी शेकडो अँपिअरचा झटका द्यावा तो शिशानंच, आणि तोही स्वस्तात. म्हणून आज जगात वापरल्या जाणाऱ्या शिशातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त शिसं बॅटऱ्यांमध्ये जातं.

* * *

आता मूळ मुद्द्यावर येतो. इतका वेळ इतिहासात रमलो, कारण पुढचं लिहायला जड जातंय.

दुकानाच्या मागे परसू होतं. तिथे एक भट्टी आणि लोखंडी कढई. शिसं ३२७ अंशाला वितळतं, त्याला काही मोठा कारखाना लागत नाही. मामा जुन्या पट्ट्या, टर्मिनल, जाळ्या कढईत वितळवायचा, काही साच्यात ओतून नव्या पट्ट्या करायचा, उरलेल्या शिशाच्या वड्या पाडून व्यापाऱ्याला विकायचा. वितळलेलं शिसं चांदीसारखं दिसतं. आम्ही पोरं तासन् तास बघत बसायचो.

वितळवण्याआधी जुन्या वाळलेल्या प्लेटा आपटून त्यांच्यातला लगदा झाडून काढायचा. हे काम पोरांचं. पोतं अंथरायचं, त्यावर प्लेट धरायची आणि काठीनं झोडायची. करड्या-तांबूस भुकटीचा ढीग पडायचा. शंभर प्लेटांना चार आणे. मीही मे महिन्यात आठवडाभर करायचो आणि कंटाळलो की पळायचो. बाळू वर्षभर करायचा. शाळेतून आला की दप्तर टाकून त्याच हातानं भाकरी खायचा आणि परसात बसायचा. घर दुकानाला लागूनच. मामाचे कपडे मामी घरातल्याच बादलीत धुवायची. मामा रोज रात्री गुळाचा खडा खायचा आणि बाळूलाही द्यायचा. गूळ खाल्ला की शिसं पोटातून निघून जातं, असा तिथल्या सगळ्यांचाच समज.

बाळूचं पोट सारखं दुखायचं. चेहरा पांढुरका. पाढे पाठ व्हायचे नाहीत, एका जागी बसवायचं नाही, चटकन चिडायचा. चौथीत एकदा आणि सातवीत एकदा नापास झाला. मामा पट्ट्यानं मारायचा. आणि आम्ही पुण्याहून आलेली हुशार भावंडं हसायचो. माझी गुणपत्रिका मामा सगळ्यांना दाखवायचा, बाळूसमोर. मला त्याचं सुख व्हायचं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण व्हायचं.

* * *

पुढे बॅटऱ्या बदलल्या. जाळीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम आलं, त्यामुळे पाणी फार कमी उडायला लागलं. १९७०च्या दशकात अमेरिकेत 'मेंटेनन्स फ्री' बॅटऱ्या बाजारात आल्या. त्याआधी १९५७ साली जर्मनीत ओटो याखेनं ॲसिडची जेली करून सांडणार नाही अशी बॅटरी केली होती, आणि नंतर काचेच्या तंतूंच्या गादीत ॲसिड शोषून ठेवणाऱ्या बॅटऱ्या आल्या. आपल्याकडे हे सगळं रुजायला आणखी काही वर्षं गेली. डिस्टिल वॉटर घालायचं काम हळूहळू संपलं. झाकणं बंद झाली. खोकं रबराचं होतं ते प्लॅस्टिकचं झालं.

मला वाटतं, या बॅटरीचा दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे झाकण लावण्याचा इतिहास आहे. प्लांतेची उघडी बरणी होती. माझ्या गाडीतली बॅटरी इतकी बंद आहे, की ती गाडीत आहे हेच मला ठाऊक नव्हतं. गाडीवाल्याचा शिशाशी आणि ॲसिडशी असलेला संबंध संपला. पण बॅटरी कधीतरी मरतेच, आणि मेली की ती उघडावी लागते. चारचाकीच्या एका बॅटरीत साधारण आठ-दहा किलो शिसं असतं. ते फुकट जात नाही, आणि हा तिचा मोठा गुण. शिशाच्या बॅटरीइतकी परत वितळवून वापरली जाणारी वस्तू शोधून सापडणार नाही. तेच शिसं नव्या बॅटरीत, मग जुनी, मग परत नवी. चांगल्या कारखान्यात हे बंद भट्टीत होतं, धुराला गाळण्या असतात, कामगारांचं रक्त तपासतात. पण तेच शिसं एखाद्या परसातल्या कढईतही वितळतं, आणि कढईवाल्याला ना गाळणीचा खर्च ना तपासणीचा, त्यामुळे तो भंगाराला दोन पैसे जास्त देऊ शकतो. झाकण फक्त आपल्या बाजूनं लागलंय.

दहाएक वर्षांपूर्वी मी शिशाच्या विषबाधेवर काहीतरी वाचत होतो आणि वाचता वाचता थांबलो. पोटदुखी, रक्त कमी, चिडचिड, लक्ष न लागणं, अभ्यासात मागे पडणं. मी बाळूचंच वर्णन वाचत होतो. पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसापेक्षा लहान मूल चार-पाच पट जास्त शोषतं. शरीर त्याला कॅल्शियम समजतं आणि हाडात नेऊन ठेवतं, तिथे ते वीस-तीस वर्षंसुद्धा मुक्काम करतं. गुळानं निघत नाही. शिशाची कुठलीही मात्रा सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० साली युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' यांचा अहवाल आला. जगातल्या जवळजवळ दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात, दर डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं. आणि कारणांमध्ये वरच्या जागी काय? जुन्या बॅटऱ्यांचं परसातलं वितळवणं.

आता, बाळू नापास झाला तो शिशामुळेच, असं मी म्हणणार नाही. तेव्हा कुणी रक्त तपासलं नव्हतं. एका मुलाच्या बाबतीत असं बोट ठेवून सांगता येत नाही. पण हे त्याला सांगायला तर हवं होतं? मी नाही सांगितलं. काय म्हणून सांगणार? "तुझ्या वडिलांनी तुला..." जीभच उचलत नव्हती.

* * *

परवा रात्री परत फोन केला. गाडी चालू झाल्याचं सांगितलं आणि तसाच पुढे बोलत गेलो. प्लेटा, परसू, भुकटी, वाचलेलं सगळं. पलीकडे शांत. मला वाटलं, फोन कट झाला.

"मला माहीत आहे ते," बाळू म्हणाला. "दोन हजार नऊ सालीच कळलं."

त्याची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. जेवायची नाही, पोट दुखतं म्हणायची. कराडच्या डॉक्टरांनी वडील काय करतात विचारलं आणि दोघांचं रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. बाळूचं आलं अडतीस. पोरीचं अकरा. भट्टी त्यानं त्याच आठवड्यात मोडली. परसातली वरची माती काढून कोबा घातला, आणि बिऱ्हाड दुकानापासून लांब नेलं. कामाचे कपडे तेव्हापासून दुकानातच बदलतो. जुन्या बॅटऱ्या वजन करून, पावती घेऊन, परवाना असलेल्या कारखान्यालाच देतो. नियम २००१ सालापासूनच तसा होता, पण आमच्या मामापर्यंत तो पोचलाच नव्हता. २०२२च्या नव्या नियमांनी तर बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवरच टाकली आहे.

"अरे, मग तू बोलला का नाहीस कुणाला?"

"अण्णा होते ना तेव्हा." (मामा २०११ साली गेला.) "भट्टी का मोडली म्हणून दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. धंदा बसवला म्हणाले. मी म्हटलं, परवडत नाही. खरं सांगून काय केलं असतं? त्यांना माहीत असतं तर त्यांनी मला तिथं बसवलं असतं का?"

मी काहीच बोललो नाही. आमच्या सबंध घराण्यात सगळ्यात हुशार कोण, याचं उत्तर मला पन्नाशी उलटल्यावर मिळालं.

मग मी त्याची माफी मागितली, 'मठ्ठ' म्हणायचो त्याबद्दल. तो म्हणाला, "तू एकटाच थोडाच म्हणायचास!" यावर हसावं का रडावं ते कळेना. मुलगी आता बरी आहे, शिकतेय. आकडा पुढच्या तपासण्यांत खाली येत गेला. त्याचा स्वतःचा सावकाश उतरतोय.

हे सगळं त्याला विचारून लिहितोय. तो म्हणाला, लिही, पण दोन गोष्टी नक्की लिही.

पहिली, नातेवाईकांसाठी. आपल्यापैकी जे जे त्या घरात लहानाचे मोठे झाले, किंवा मुलांना घेऊन तिथे वर्षानुवर्षं राहिले, त्यांनी डॉक्टरांशी बोलून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या. घाबरायचं कारण नाही, पण माहीत असलेलं बरं. मी माझी तपासणी पुढच्या आठवड्यात करतोय.

दुसरी सगळ्यांसाठी. लिथियमच्या बॅटऱ्या आल्या म्हणून शिसं संपलं असं समजू नका. पेट्रोल-डिझेलच्या बहुतेक गाड्यांत आहे, घरोघरच्या इन्व्हर्टरखाली आहे, कितीतरी ई-रिक्षा अजून त्यावरच चालतात, आणि माझ्यासारख्यांच्या विजेच्या गाडीतही कोपऱ्यात बसलेलं आहे. जुनी बॅटरी दारावर आलेल्या भंगारवाल्याला शे-दोनशे रुपये जास्त देतो म्हणून देऊ नका. ते जास्तीचे पैसे कुणाच्या तरी परसातून येतात. नवी घ्याल तिथेच जुनी जमा करा.

आमची छोटी बॅटरी काही आता टिकायची नाही, आठ व्होल्टपर्यंत उतरून गेलीय. दिवाळीला कराडला जाणार आहोत, तेव्हा बाळूकडूनच बदलून घेणार. जुनीची पावती त्याच्याकडून मागून घेईन.